ओजस रांगत नाही

प्रेरणा : बघा, आता बघा. खुळखुळा वीतभर लांब ठेवलाय. हा पालथा पडलाय तसाच पडून राहील, मान वर करील, आणि मग रडेल. बघा, रडला. दोन महिने झाले पुष्पाताई, रोज हेच चाललंय.

पुष्पांजली : अवं, उचल मंग त्याले! माह्यासाठी परीक्षा घेऊन राह्यली काय लेकराची? ये रे राजा, ये माह्याकडं. मेडिकलच्या दुकानात बसते तुही माय, अन् घरी येऊन मास्तरीण होते.

प्रेरणा : थट्टा नका करू ताई. मेडिकलवर बसते म्हणूनच तर भीती वाटते. दिवसभर लेकरांच्या चिठ्ठ्या येतात माझ्यासमोर. झटक्याची औषधं, मेंदूची औषधं. चिठ्ठी हातात आली की मी औषध नंतर वाचते, आधी वय बघते. अकरा महिने, म्हणजे ओजसचंच वय लिहिलेलं दिसलं की चिठ्ठी बाजूला ठेवते मी.

रुखमाबाई : म्या कितींदा सांगतलं, लेकरू बरं हाय. पण या घरात सासूचं आयकते कोण? च्या ठेवू काय व पुष्पे?

पुष्पांजली : ठेवा मावशी. रविवारची अंगणवाडी बंद, तरी तुमच्या सुनेनं तीन फोन केले. च्या तं घेऊनच जाईन.

प्रेरणा : मग करू काय? यांना म्हटलं तर हे म्हणतात, होईल हळूहळू. टमाट्याची गाडी घेऊन गेले सकाळीच. आत्याबाई म्हणतात बरं आहे. काल शेजारची ती सरस्वतीबाई येऊन सांगून गेली, गुडघ्याला बिब्बा घाला म्हणे, चटका बसला की पोरगं आपोआप पाय हलवतंय.

पुष्पांजली : खबरदार! कातडी जळते बिब्ब्यानं. ती सरस्वती भेटू दे मले. हं, ओजसशेठ, पकडा माह्यं बोट. ह्या हातानं... आता त्या हातानं... बापा, मुठीत दम हाय. बसते कवापासून?

प्रेरणा : सातव्या महिन्यापासून. टेकू लागत नाही.

पुष्पांजली : मुरमुरा चिमटीनं उचलते?

प्रेरणा : उचलतो.

पुष्पांजली : हाक मारली का पाह्यते? पाय ताठ होतेत काय कधी? नाहीतं मंग एकदम ढिले, चिंधीवानी?

प्रेरणा : हाक मारली की बघतो. पाय तसे नाहीत. मालिश करताना बघते ना मी. पण ताई, पायात जोर असून तो जागचा हलत का नाही?

पुष्पांजली : आयक. सोळा वर्षं झाली मले अंगणवाडीत. काही लेकरं रांगतच नाहीत. एक पोरगी तं लोळत लोळत दारापाशी जाये. एक दिवस चौकट धरून उभी राह्यली, महिन्याभरात पळाले लागली. आता कॉलेजले हाय. बाकीचं सारं बरोबर असलं, तं रांगलं नाही म्हणून कोणी पांगळं होत नाही.

प्रेरणा : पण ती लोळत तर होती ना! कुठं तरी जात होती ना! हा कुठंच जात नाही. ठेवला तिथं बसतो. गल्लीतल्या भाऊरावांची नात नऊ महिन्यांची आहे, चुलीपर्यंत जाऊन राख खाते. हा नुसता बघायलाय. वस्तू लांब गेली की हात वर करतो, घ्या म्हणून. त्याला वाटतच नाही की आपण जाऊ शकतो. हेच मला खातंय ताई. पायात नाही तर मग डोक्यात आहे का काही?

रुखमाबाई : डोक्यात काही नाही त्याच्या! असं बोलू नये मायनं. तोंडात येते ते बोलते.

प्रेरणा : मग तुम्ही सांगा ना काय आहे ते! दिवसभर तुमच्याजवळ असतो तो. सकाळी नऊला मी जाते, संध्याकाळी सहाला येते. तुम्हाला काही दिसत असेल तर सांगा.

रुखमाबाई : च्या उतू चालला.

पुष्पांजली : प्रेरणा, इकडं ये. हे मांड्यांच्या खाली काय हाय? असे चौकटी-चौकटी वळ?

प्रेरणा : रोज संध्याकाळी असतात. रात्रीतून फिके होतात. रविवारी कमी दिसतात. मी मलम लावते. आत्याबाई म्हणतात, गोधडीचे टाके उमटतात.

पुष्पांजली : गोधडीचे टाके असे? एका मापाचे? मावशी, कोणती गोधडी हाय ही?

रुखमाबाई : जुनी हाय. घे, गरम हाय, जपून. साखर कमी टाकली.

प्रेरणा : उद्या हेही दाखवणार आहे मी. पहाटे पाचची गाडी सांगितलीय. संभाजीनगरला जायचं.

पुष्पांजली : एकदम संभाजीनगर? इथी बुलढाण्यात लेकरांचा डॉक्टर हाय, त्याले दाखवलं काय?

प्रेरणा : नाही दाखवलं. तो म्हणेल थांबा, बघू. मला थांबायचंच नाही आता. तिथं मोठं मशीन आहे. डोकं, पाठ, सगळं दिसतं त्यात. लेकरू हलू नये म्हणून इंजेक्शन देऊन झोपवतात. मी वाचलंय सगळं मोबाईलवर.

रुखमाबाई : झोपवतेत म्हंजे?

प्रेरणा : भूल देतात आत्याबाई.

रुखमाबाई : एवढ्याशा जीवाले? अन् उठलं नाही तं?

प्रेरणा : उठतात. सगळी उठतात. आधी कागदावर सही घेतात आपली, बस.

रुखमाबाई : सही कायची? उठणारच हाय तं सही कायले घेतेत?

पुष्पांजली : मावशी, ध्यान कुठी हाय तुमचं? कप ठेवा खाली. च्या सांडून राह्यला.

रुखमाबाई : नको नेऊ त्याले.

प्रेरणा : आत्याबाई, आता अडवू नका मला.

रुखमाबाई : त्याच्या पायात काही नाही. डोक्यातबी नाही. मले मालूम हाय.

प्रेरणा : तुम्हाला कसं मालूम?

रुखमाबाई : पुष्पे, न्हाणीच्या मांगं जाय. टमाट्याचं लाल कॅरेट हाय, पोत्यानं झाकेल. घेऊन ये.

प्रेरणा : कॅरेट? कॅरेट काय करायचंय आता?

रुखमाबाई : आणू दे तिले.

(पुष्पांजली प्लास्टिकचं जाळीदार कॅरेट आणून घराच्या मधोमध ठेवते. तळाला गोधडीची घडी आहे, काठाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आहे.)

पुष्पांजली : अव माय! ह्या चौकटी पाह्य प्रेरणा, तळाच्या. हेच वळ हायेत.

प्रेरणा : यात? माझं लेकरू यात?

रुखमाबाई : बसव त्याले त्यात. अन् हात सोड. मंग बोल मले काय बोलायचं ते.

प्रेरणा : मी नाही बसवणार. टमाटे भरायच्या डब्यात?

पुष्पांजली : दे इकडं. मी बसवते. बस रे राजा... अगोबाई, ओळखीचं हाय याले तं. खुश झाला. काठ धरला पाह्य. थांब, थांब, काय करून राह्यला हा... प्रेरणा!

प्रेरणा : ताई! ताई, हा उभा... धरलंय का तुम्ही त्याला?

पुष्पांजली : मी कायले धरू? हे माहे हात मांगं हायेत.

प्रेरणा : उभा राहिला. ओजस! अरे माझ्या राजा, उभा राहिला तू! हसायलाय बघा. गुडघे बघा ताई, वाकत पण नाहीत. एक हात सोडलाय त्यानं... सोडलाय, तरी पडला नाही.

पुष्पांजली : घे! अन् हिले भूल द्यायची होती त्याले. पंजे पाह्य कसे रोवले त्यानं.

प्रेरणा : मी रोज पालथं टाकत होते याला. उभं करूनच बघितलं नाही कधी. कुणीतरी म्हणालं होतं, लवकर उभं केलं की पाय वाकडे होतात... आत्याबाई.

रुखमाबाई : हं.

प्रेरणा : कधीपासून?

रुखमाबाई : पंधरा रोज झाले.

प्रेरणा : पंधरा.

रुखमाबाई : पह्यल्या दिवशी दोनदा पडला गोधडीवर. मंग राह्यला. मले वाटलं तुले फोन करावा. मोबाईल हातात घेतला होता म्या.

प्रेरणा : मग केला का नाही?

रुखमाबाई : तू विचारलं असतं, काय धरून उभा राह्यला.

प्रेरणा : आत्याबाई, गेल्या सोमवारी न्हाणीत नळ सोडून रडत होते मी. तुम्ही दारात होता. काय झालं म्हणून विचारलं तुम्ही, आणि मी सांगितलं, माझं पोरगं पांगळं निघायलंय. तुम्ही काय केलं? पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी दुपारी हा उभा राहिला असेल ना इथं? हसला असेल ना असाच?

रुखमाबाई : हाव.

प्रेरणा : आणि तुम्ही मला रडू दिलं! मी दूध तोडलं म्हणून झालं असेल, मी नोकरीवर गेले म्हणून झालं असेल, पोटुशी असताना स्कूटरवर बसले म्हणून झालं असेल. एक एक पाप काढून मोजलं मी स्वतःचं. माझ्या लेकराचं पहिलं उभं राहणं तुम्ही पोत्याखाली झाकून ठेवलं! पोटची असते मी तर केलं असतं का असं?

पुष्पांजली : प्रेरणा, हळू बोल. भ्यालं ते लेकरू.

प्रेरणा : भिऊ द्या. मी दोन महिने भ्यायलेच की.

पुष्पांजली : मावशी, तुमीबी कमाल केली. पण काऊन? घरात एवढी मोठी फरशी हाय, सतरंजी हाय. दिवस दिवस कॅरेटात कायले ठेवलं लेकरू?

रुखमाबाई : सांगतलं असतं तं ही त्याले बीबी गावाले घेऊन गेली असती. तिच्या मायकडं. मंग मले नसता दिसला.

पुष्पांजली : ते सांगाचं राहू द्या. ठेवलं काऊन, ते सांगा.

रुखमाबाई : भेव लागते मले जमिनीचं.

प्रेरणा : जमिनीचं?

रुखमाबाई : गजेंद्राच्या आंधी पोरगी होती मले.

प्रेरणा : तुम्हाला? यांनी तर कधीच...

रुखमाबाई : त्याले मालूम नाही. सासूबाईनं बंदी घातली होती. गेलेल्याचं नाव काढलं का मांगून येणाऱ्याले लागते म्हणे. म्हणून नाही काढलं. कस्तुरा नाव होतं तिचं.

पुष्पांजली : मलेबी मालूम नाही मावशी. एवढ्या वर्षांत.

रुखमाबाई : अशी रांगे बाई ती, घरात पाय ठेवाले जागा नाही ठेवे. ह्या दारातून त्या दारात. सारे कौतिक करत. म्या भाकरी करून राह्यली होती. दुपार होती. मांगं तिचा आवाज येऊन राह्यला होता, ब्बा ब्बा करे. मले वाटलं हाय मांगं. कोपऱ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी होती, चुलीचं जळतन. तिथी गेली ती. इंचू होता मोळीत. एकदाच वरडली. म्या तवा उतरवला चुलीवरचा अन् मंग उठली. तवा उतरवला म्या, आयकलं काय? भाकर जळू नये म्हणून.

पुष्पांजली : मावशी...

रुखमाबाई : बैलगाडी जुतली. बुलढाण्याले न्याचं होतं. अर्ध्या वाटेत माह्या मांडीवर गार पडली. म्या म्हणे गाडी फिरवू नका, दवाखान्यात चला, गरम करतेत तिथी. सासऱ्यानं फिरवली. नऊ महिन्याची होती. सारं गाव म्हणे, रांगती झाली अन् गेली.

प्रेरणा : आत्याबाई.

रुखमाबाई : मंग गजेंद्रले म्या खाली टेकवलाच नाही. सासू होती, जाऊ होती, हातोहात वागवला. दीड वर्षाचा होईपरेंत त्याचं बूड जमिनीले लागलं नाही. तोबी रांगला नाही. उभाच राह्यला एकदम.

पुष्पांजली : घ्या! म्हंजे बापबी रांगला नाही! अन् तो आता टमाट्याची गाडी चालवून राह्यला.

रुखमाबाई : आता घरात म्या एकटी. गाय हाय, सैपाक हाय. कडेवर किती धरू? कंबर धरत नाही. अन् इंचू काय गेले काय बापा? दोन मारले या साली न्हाणीत. फरशी टाकली तरी येतेतच ते. म्हणून कॅरेट. जाळी हाय, हवा लागते. काठाले चिंधी बांधली, बोटं कापू नये म्हणून. कोण्या दिवशी उपाशी नाही ठेवला म्या, रडू नाही दिला. समोर बसून गाणे म्हणते त्याले.

प्रेरणा : मला सांगायचं होतं. एकदा नुसतं सांगायचं होतं, आत्याबाई, मला भीती वाटते म्हणून.

रुखमाबाई : तू शिकेल हाय. मले वाटलं हसशीन.

प्रेरणा : हसले असते? मी बिब्ब्याचा विचार केला दोन दिवस. मी शिकलेली आहे आणि मी बिब्बा गुगल करून बघितला. भीतीपुढं कोण शिकलेलं असतं?

पुष्पांजली : बरं झालं मले बलावलं. नाहीतं ह्या घरातल्या दोघी मिळून त्या लेकराचं भरीत केलं असतं.

प्रेरणा : राग आहे मला. आज जाणार नाही तो. उद्यापण जाणार नाही. आणि कस्तुराचं ऐकून तुम्हाला जवळ घ्यावंसं वाटायलंय, तेही खरं आहे. दोन्ही एकदम कसं सांभाळू मी, ते मला कळत नाहीय.

रुखमाबाई : नेशीन काय त्याले बीबीले?

पुष्पांजली : थांबा मावशी. आधी उद्याचं बोलू. मी काही डॉक्टर नाही प्रेरणा. उद्या त्याले बुलढाण्यातच दाखव. रांगत नाही म्हणून सांग, उभा राह्यते म्हणून सांग, कॅरेटाचंबी सांग, लाजू नको. तो म्हणन पुढं न्या, तं न्या. पण भाड्याची गाडी अन् भुलीचं इंजेक्शन आपल्याच मनानं नाही ठरवाचं.

प्रेरणा : हो. गाडीवाल्याला फोन करते.

पुष्पांजली : अन् आजपासून ह्याले खाली सोडा. रांगन, नाहीतं नाही रांगन, त्याची मर्जी. पण जागा तं पाह्यजे ना त्याले जाले. चार भिंतींच्या डब्यात कुठी जाईन ते?

रुखमाबाई : खाली नाही.

प्रेरणा : आत्याबाई.

रुखमाबाई : माह्यानं नाही होत व. दुसरं काहीबी सांग. दिवसभर कडेवर घेईन. कंबर मोडू दे. खाली नाही.

प्रेरणा : तर मग मला न्यावं लागेल त्याला. धमकी नाही देत मी. मला तिथं करमणार नाही, नोकरी जाईल, हे चिडतील, सगळं माहीत आहे. पण हा कॅरेटात मोठा होणार नाही.

रुखमाबाई : तो खाली बसला का मले तो दिसत नाही, ती दिसते. मोळीकडं चालली म्हणून. तुले कसं सांगू? डोळे उघडे ठेवले तरी तीच दिसते.

प्रेरणा : मग त्याच्याकडं बघू नका.

रुखमाबाई : अन् पाहू कुठी?

प्रेरणा : जमिनीकडं बघा. मी त्याच्याकडं बघते. मी घरी नसले की पुष्पाताई येतील दुपारी, तासभर. याल ना ताई?

पुष्पांजली : येईन. च्या पाजसान तं रोज येईन.

प्रेरणा : मी ठेवतेय त्याला खाली. इथं, सतरंजीच्या बाहेर. आत्याबाई, श्वास घ्या तुम्ही.

रुखमाबाई : थांब! थांब व माय, हात जोडते. पह्यले मले पाहू दे. सरका दोघीबी.

पुष्पांजली : मावशी, हे काय? उठा, गुडघे फुटतीन तुमचे!

रुखमाबाई : फुटू दे. उभ्यानं दिसत नाही खालचं. ती बॅटरी दे इकडं... दिवाणाखाली काही नाही. चप्पल हाय गजेंद्राची. कोठीच्या मांगं... काही नाही. ह्या सांदीतबी काही नाही.

पुष्पांजली : प्रेरणा, तिकडं पाह्य. तुह्या पोराकडं.

प्रेरणा : आत्याबाई... मागं वळू नका एकदम. तो सरकायलाय. बुडावर. एक पाय पुढं टाकून, तुमच्यामागं यायलाय.

रुखमाबाई : कुठपरेंत आला?

प्रेरणा : दिवाणापर्यंत. तुमच्या पदराला हात लागायलाय त्याचा. घेऊ का उचलून?

रुखमाबाई : नको. येऊ दे त्याले. इथपरेंत पाह्यलं हाय म्या.